धूर कीं धुकें?

पावसाळा ओसरूं लागला म्हणजे आमच्या खुलताबादेंत तापाचे दिवस सुरू होतात, आणि तापापाठोपाठ रक्ततपासणीचे. पूर्वीं घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे वैद्य नाडी पाहत, जीभ पाहत, आणि दुखणें केव्हांपासून आहे, कसें वाढलें, हें घरच्या वडील माणसांस खोदून खोदून विचारीत. आतां विचारणें मागें पडून तपासणें पुढें आलें आहे. तालुक्याच्या गांवींसुद्धां रक्ताचा नमुना घेऊन तो शहरांतील प्रयोगशाळेंत पाठविण्याची सोय झाली आहे, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें उत्तर घरांतील मुलाच्या मोबाईलवर येऊन पडतें. ही सोय वाईट असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. तिच्यामुळें अनेकांचे प्राण वाचले आहेत. परंतु त्या कागदावर 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द दिसला कीं सारें घर हवालदिल होतें. आणि तो शब्द कशाविषयीं आहे, कोणत्या वेळचा आहे, हें विचारावयाचें राहून जातें. प्रस्तुत महिन्यांत त्या एका शब्दाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्यात असें योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील हकीकत सांगतों. मधली सून, वय पस्तिशीच्या आंत. भाद्रपदांत तिला एकाएकीं ताप भरला, अंगावर पुरळ उठलें, आणि चौथ्या दिवशीं ताप उतरला तरी दोन्ही हातांचीं बोटें, मनगटें व पायांचे घोटे सुजलेलेच राहिले. सकाळीं लाटणें हातांत धरवेना. बाराव्या दिवशीं कोणाच्या तरी सूचनेवरून सांध्यांच्या सर्व तपासण्यांचा एक संच करण्यांत आला, त्यांत 'आर. ए. फॅक्टर' पॉझिटिव्ह, आणि 'ए. एन. ए.' हीही पॉझिटिव्ह! डॉक्टरांकडे कागद जाण्यापूर्वींच माजघरांत 'आमवात' असें निदान होऊन गेलें. पहिला आठवडा सहानुभूतींत गेला. दुसऱ्या आठवड्यांत, 'हिच्या माहेरीं कोणास होता काय?' अशी चौकशी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यांत धाकट्या नणंदेचें जुळत आलेलें लग्न अडलें; कारण, 'घरांत संधिवात आहे' अशी कुजबूज वरपक्षाकडे पोंचली. वहिनीच्या सांध्यांचा नणंदेच्या रक्ताशीं संबंध तो काय, हा प्रश्न कोणासच सुचला नाहीं! त्यांतच एका स्नेह्यानें स्वतःस चालू असलेल्या गोळ्यांची पुडी मोठ्या मायेनें आणून दिली.

सुदैवानें ती पुडी उघडण्यापूर्वीं सुनेस शहरांतील एका जाणत्या डॉक्टरांकडे नेण्यांत आलें. त्यांनीं कागद बाजूस ठेविला आणि विचारिलें, 'सांधे दुखूं लागण्यापूर्वीं ताप आला होता काय? आळींत आणखी कोणास आला होता?' आळींत चार घरीं तसाच ताप येऊन गेला होता. मग चिकुनगुन्याची तपासणी झाली; ती होकारार्थी आली. डॉक्टरांनीं वेदना शमविणारें साधें औषध दिलें, हळूहळू हातांची हालचाल करावयास सांगितलें, आणि तीन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासूं म्हणून बजावलें. पौषांत सूज गेली होती, आणि आर. ए. फॅक्टरही नाहींसा झाला होता.

ज्यांनीं न्यायशास्त्राचा श्रीगणेशा गिरविला आहे त्यांस डोंगरावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान करण्याचा धडा आठवत असेल. त्या धड्याबरोबर दोन सावधगिरीच्या सूचना देण्याची आपल्या शास्त्रीबोवांची वहिवाट असे. पहिली अशी कीं, जें दिसतें तो धूरच आहे काय, हें आधीं पाहावें. कारण वाफ आणि धुकें हीं दुरून धुरासारखींच दिसतात. श्रावणांत शनिवारीं भद्रा मारुतीच्या दर्शनास पायीं येणाऱ्या यात्रेकरूंस म्हैसमाळच्या बाजूस डोंगर पांढुरका झालेला दिसतो. पण डोंगर पेटला अशी ओरड कोणी करीत नाहीं. पाऊस चालू आहे हें त्यांस ठाऊक असतें. दुसरी सूचना अशी कीं, धूर तेथें अग्नि हें खरें असलें तरी अग्नि तेथें धूर हें खरें नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धूर निघावयास ओल्या सर्पणाची जोड लागते. ही जोड विसरून काढलेलें अनुमान म्हणजे हेत्वाभास. दिसावयास कारण, पण वस्तुतः कारणाचा केवळ भास.

रक्तपरीक्षेंत हे दोन्ही प्रकार घडतात. आमवात असलेल्या शंभर रोग्यांपैकीं वीस ते तीस जणांच्या रक्तांत आर. ए. फॅक्टर सांपडत नाहीं; हे तापलेले लोहगोल होत. उलटपक्षीं ज्यांस आमवात मुळींच नाहीं अशा अनेकांच्या रक्तांत तो सांपडतो. हें धुकें होय. आणि तें धुकें दाटविणाऱ्या कारणांत विषाणूंचा ताप हें एक मोठें कारण आहे.

असें कां व्हावें? रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे त्यांचा नाश करण्याकरितां रक्तांतील कांहीं पेशी प्रतिपिंडें नांवाचे पदार्थ तयार करितात. प्रत्येक पेशीचें प्रतिपिंड निराळें असून तें ठराविक शत्रूसच ओळखतें. साधारणपणें ज्याची त्याची पेशीच कामास लागते. परंतु मध्यरात्रीं गांवांत 'चोर! चोर!' अशी हांक उठली म्हणजे ज्याप्रमाणें ज्यांच्या घरीं चोरी झाली ते, आणि ज्यांच्या घरीं झाली नाहीं तेही, काठ्या घेऊन बाहेर पडतात, त्याप्रमाणें विषाणूच्या हल्ल्याच्या वेळीं ज्यांचा त्या विषाणूशीं संबंध नाहीं अशाही पेशी जाग्या होतात. त्यांच्यांत कांहींच्या काठीचा रोंख आपल्याच शरीराच्या घटकांवर असतो. अशा पेशी निरोगी माणसांतही थोड्याफार असतातच. एरवीं त्या झोंपलेल्या असतात. शिवाय विषाणूच्या अंगाचा एखादा भाग आपल्या शरीरांतील पदार्थाशीं मिळताजुळता असला, तर विषाणूवर उगारलेली काठी आपल्याही पाठीवर बसते. हांक शमली कीं बहुतेक लोक घरोघर परततात. रक्त त्या मध्यरात्रीं काढलें तर मात्र सारा गांव हाणामारीस निघालेला दिसणार, यांत नवल तें काय?

आर. ए. फॅक्टर तर आपल्याच प्रतिपिंडांच्या शेपटाकडील भागास चिकटणारें एक प्रतिपिंड आहे. नॉर्वेमधील एरिक वालर यांनीं तें १९४० सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९४८ सालीं अमेरिकेंत रोझ यांस तेंच स्वतंत्रपणें आढळलें. मेंढीच्या रक्तपेशी आमवाताच्या रोग्याच्या रक्तरसांत गोळा होतात, अशी ती मूळची परीक्षा होती. पुढें दिसून आलें कीं, जेथें जंतु व प्रतिपिंडें यांची झटापट पुष्कळ दिवस चालते तेथें हा फॅक्टर निर्माण होतोच: हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला असतां, क्षयांत, महारोगांत, आणि विशेषेंकरून यकृतास पोंखरणाऱ्या 'हेपॅटायटिस सी' या विषाणूच्या रोग्यांत. या शेवटच्या रोगांत तर निम्म्याच्या आसपास रोग्यांत तो सांपडतो. लहान मुलांचे गाल लाल करणारा पार्व्होव्हायरस मोठ्या स्त्रियांस झाला म्हणजे हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंस सारखे सुजतात, आणि थोडे दिवस हा फॅक्टर व ए. एन. ए. दोन्ही रक्तांत येऊं शकतात. ए. एन. ए. विषयीं तर १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अनेकदेशीय पाहणींत असें दिसलें कीं, रक्तरस चाळीस पट पातळ करून तपासला तर निरोगी माणसांपैकीं जवळजवळ एकतृतीयांश लोक पॉझिटिव्ह ठरतात. एकशें साठ पट पातळ केला तरीही शेंकडा पांच उरतातच. म्हणून नुसतें 'पॉझिटिव्ह' वाचून भागत नाहीं. किती पट, हा आंकडा वाचावयास हवा.

ही फसगत आजची नव्हे. १९०६ सालीं वासरमन यांनीं उपदंशाची रक्तपरीक्षा काढली. ती इतकी प्रसिद्ध झाली कीं, पॉझिटिव्ह आली कीं माणसाच्या चारित्र्यावर डाग पडलाच. परंतु हिंवताप, महारोग, इतकेंच काय पण देवी काढल्यानंतरसुद्धां कांहीं निष्पाप माणसांत ती पॉझिटिव्ह येई. कारण ती परीक्षा उपदंशाच्या जंतूस ओळखतच नव्हती. प्राण्यांच्या हृदयांतून काढलेल्या ज्या स्निग्ध पदार्थावर ती चाले, त्याविरुद्धचीं प्रतिपिंडें ती दाखवी. तो पदार्थ १९४१ सालीं मेरी पँगबॉर्न यांनीं निराळा काढला. कागदावरील एका शब्दानें तोंवर किती संसारांत विष कालविलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी. याच जातीचीं प्रतिपिंडें २०२० सालच्या कोविडच्या साथींत अनेक रोग्यांत दिसलीं. त्यांचें महत्त्व ठरविण्याचा नियम असा कीं, निदान बारा आठवड्यांच्या अंतरानें दोनदां तीं सांपडलीं तरच तीं खरीं मानावींत. हा नियम सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे; धुकें वितळावयास वेळ द्यावा लागतो.

आपल्या प्रांताचा या प्रश्नाशीं संबंध चिकुनगुन्यामुळें फार निकटचा आहे. हें नांव आफ्रिकेंतील माकोंदे लोकांच्या भाषेंतील असून त्याचा अर्थ 'वांकवून टाकणारा' असा होतो. १९५२ सालीं टांगानिकांत, म्हणजे आजच्या टांझानियांत, ही साथ प्रथम ओळखली गेली. त्याच सालीं पुण्यास विषाणूंच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९६३ सालीं कलकत्त्यास, १९६४ सालीं मद्रासेकडे आणि १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस ही साथ झाली. त्यानंतर सुमारे तीन तपें ती जणुं निजली होती. २००५ च्या अखेरीस ती पुन्हां उठली आणि २००६ सालीं देशभर सुमारे १४ लक्ष संशयित रोगी नोंदले गेले. त्यांपैकीं अडीच लक्षांहून अधिक आपल्या महाराष्ट्रांतील होते. २०२४ सालीं पुण्यानागपुराकडे ती पुन्हां जोरांत होती. ताप थोड्या दिवसांत जातो. सांधे मात्र आठवडेच्या आठवडे, आणि कांहींचे महिनेच्या महिने दुखतात. दुखणाऱ्या सांध्यांची ठेवण आमवातासारखीच असते. कांहींच्या रक्तांत आर. ए. फॅक्टर व ए. एन. ए. हीं येतात. मग दोन रोगांची गल्लत होण्यास आणखी काय पाहिजे?

या ठिकाणीं आमच्या जुन्या धंद्यास अनुसरून एक उदाहरण फळ्यावर मांडतों. पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं डॉ. अरविंद चोपडा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तींत आमवाताचें प्रमाण साधारण दोनशें माणसांत एक असें आढळलें. तेव्हां हजार माणसांत आमवाताचे रोगी पांच. त्यांपैकीं फॅक्टर सांपडणार तिघांत किंवा चौघांत. उरले नऊशें पंचाण्णव. निरोगी माणसांतही शेंकडा पांचांस तो असतो असें धरिलें तर त्यांच्यांत सुमारे पन्नास निघतील. म्हणजे सरसकट सर्वांचें रक्त तपासलें तर चौपन्न पॉझिटिव्ह कागदांपैकीं खरे चार आणि पन्नास खोटे! परीक्षा तीच, प्रयोगशाळा तीच, तंत्रज्ञाची चूक कांहीं नाहीं. चूक आहे ती ज्यांस प्रश्न विचारावयाचा नव्हता त्यांस प्रश्न विचारण्यांत. सांधे खरोखर सुजलेले असले, दुखणें मुरलेलें असलें, आणि डॉक्टरांस तपासतांना संशय आला असला, तर हेंच गणित निराळें उत्तर देतें. तेव्हां तीच परीक्षा उपयोगाची ठरते. सवलतीच्या दरांत मिळते म्हणून करावयाची ती वस्तु नव्हे.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहींतर आमचें लिखाण वाचून कोणी खऱ्या आमवाताकडे काणाडोळा करील, आणि तें पाप आमच्या माथीं येईल. माधवकरांनीं आपल्या निदानग्रंथांत आमवातास स्वतंत्र प्रकरण दिलें आहे, तें उगीच नव्हे. हा रोग सांधे कुरतडतो, आणि आरंभींच्या महिन्यांत योग्य औषध मिळालें तरच सांधे वांचतात. सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, सकाळीं उठल्यावर हातपाय मोकळे व्हावयास तासभर किंवा अधिक वेळ लागूं लागला, किंवा आर. ए. फॅक्टरचा आंकडा मर्यादेच्या कित्येक पट वर गेला, तर ताप येऊन गेला होता एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसूं नये. अशा वेळीं 'ॲंटी-सी. सी. पी.' नांवाची परीक्षा पुष्कळ अधिक नेमकी आहे; परंतु क्षयाच्या कांहीं रोग्यांत तीही चकविते, हें आपल्या देशांत विसरून चालणार नाहीं. धुक्यांतही क्वचित् डोंगराला आग लागलेली असते. म्हणून जवळ जाऊन पाहणें हेंच खरें.

गंमत अशी कीं हा भ्रम उलट दिशेनेंही होतो. ज्यांच्या रक्तांत आर. ए. फॅक्टर खराच आहे अशांच्या बाबतींत कांहीं प्रकारच्या तपासण्यांत नसलेल्या विषाणूचा ताप झाल्याचें दिसूं शकतें. कारण हा फॅक्टर तपासणींतील प्रतिपिंडांसही चिकटतो. तेव्हां कोणताही कागद एकटा साक्षीस उभा करूं नये. रोग्याची हकीकत, सांध्यांची तपासणी आणि कागद, हे तीन साक्षीदार एकमेकांशीं जुळले पाहिजेत.

चुकीच्या निदानाचें खरें मोल औषधांत चुकवावें लागतें. आमवातावरील मेथोट्रेक्सेट हें औषध योग्य रोग्यास, योग्य देखरेखीखालीं, मोठें वरदान आहे. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें; समजुतीच्या घोंटाळ्यानें तें रोज घेतल्यास जिवावर बेततें. गर्भार स्त्रीस तें वर्ज्य आहे. आणि सांधेदुखीचें मूळ हेपॅटायटिस सी असून केवळ आर. ए. फॅक्टरच्या आधारावर तें सुरू केलें, तर आधींच दुखावलेल्या यकृतावर आणखी घाव बसतो. स्टेरॉईडच्या गोळीनें दोन दिवसांत बरें वाटतें, म्हणून ती दुसऱ्याच्या डबींतून उचलून घेण्याची संवय तर फारच घातक. वर सांगितलेल्या घरीं स्नेह्यानें आणलेल्या पुडींत हीं दोन्ही औषधें होतीं! शेजाऱ्याचा चष्मा आपण लावीत नाहीं. मग शेजाऱ्याची गोळी कां घ्यावी?

तर मग घरांतील वडील माणसांनीं काय करावें? ताप आला म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारीख लिहावी. अंगावर पुरळ होतें काय, कोणते सांधे दुखले, शेजारीं कोणास ताप आहे, हेंही टिपावें. डॉक्टरांना कागदाइतकाच या टिपणाचा उपयोग होतो. डेंग्यू, म्हणजे आपला हाडमोड्या ताप, नाहीं अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकें आपल्या मनानें घेऊं नयेत. तापाच्या दिवसांत आमवाताच्या तपासण्यांचा संच स्वतःहून करूं नये. पूर्वींच झाला असेल तर तो कागद फाडूं नये आणि त्यावर विश्वासही टाकूं नये; डॉक्टरांच्या सल्ल्यानें तो तीन महिन्यांनीं पुन्हां करावा, व दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचावेत. तोंपर्यंत सुनेस कामांतून मोकळीक द्यावी, पण तिच्या कुळाची चौकशी करूं नये. आजाऱ्यास विश्रांति हवी असते, खटला नव्हे. आणि विवाहाच्या बोलण्यांत कोणाच्या रक्ताचा कागद कधींही मध्यें आणूं नये.

शेवटीं एक मूळची गोष्ट. चिकुनगुन्या पसरविणारा डांस गटारांत नव्हे तर आपण सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो, आणि तो दिवसां चावतो. आमच्या मराठवाड्यांत नळास पाणी रोज येत नाहीं. रांजण, हौद, गच्चीवरील टाकी हीं भरून ठेवावींच लागतात. तीं झांकून ठेवावींत, आणि आठवड्यांतून एक दिवस संपूर्ण रिकामीं करून, कडा घांसून, कोरडीं करावींत. आमच्या आळींतील कांहीं घरीं याकरितां शनिवार नेमिला आहे. मुलें शाळेंतून लौकर येतात, आणि रांजण आडवा करून घांसण्याचें काम त्यांना मोठ्या आवडीचें वाटतें. अंगण ओलें होतें, कपडे भिजतात, आजी रागावते. पण ज्या घरांत हा क्रम चालू आहे तेथें रक्ताचे कागद वाचण्याची वेळ फारशी येत नाहीं.